ध चा मा कुणी केला?

रात्री साडेअकराला लॅपटॉप बंद करता करता सहज वर्गातल्या पोरांच्या गट-प्रकल्पाची फाइल उघडली. दुसऱ्या दिवशी पहिला मसुदा द्यायचा होता. बघते तर पानाच्या वरच्या कोपऱ्यात रंगीत गोल: एक कॅपीबारा, एक अक्सोलॉटल आणि एक क्वाग्गा. गूगल डॉक्समध्ये नुसत्या लिंकवरून, आपली ओळख न देता कुणी शिरलं की त्याला असं एखाद्या प्राण्याचं नाव मिळतं. क्वाग्गा हा झेब्र्याचा भाऊबंद. शेवटचा १८८३ साली ॲमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेला. म्हणजे आमच्या पर्यावरणाच्या प्रकल्पाचा निष्कर्ष एक नामशेष प्राणी लिहीत होता. याहून योग्य लेखक मिळाला नसता.

मी बघत राहिले. क्वाग्गानं एक वाक्य लिहिलं, कॅपीबारानं ते खोडलं. क्वाग्गानं तेच पुन्हा लिहिलं. अक्सोलॉटल शीर्षकाचा रंग जांभळा करत होतं, मग हिरवा, मग पुन्हा जांभळा. वर्गाच्या खिडकीतून चोरून बघावं तशी मजा येत होती. फक्त एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. मी माझ्या खात्यातून आले होते, त्यामुळे त्यांच्या पडद्यावर माझं नाव चांगलं ठसठशीत दिसत होतं. मिनिटभरात सगळे प्राणी रानात पळाले.

आमच्या वेळचे गट-प्रकल्प कुणाच्या तरी ओसरीवर व्हायचे. एकीचं अक्षर चांगलं, एकाला आकृत्या जमायच्या आणि एकाच्या घरी पोहे उत्तम मिळायचे. गुण तिघांना सारखेच. कोण राबलं आणि कोण नुसतं जेवलं हे सगळ्यांना ठाऊक असायचं, पण त्याची नोंद कुठंच नसायची. रिंगलमान नावाच्या फ्रेंच शेतकी अभियंत्यानं माणसांना दोर ओढायला लावून हेच मोजलं. १९१३ साली त्याचे आकडे छापून आले. आठ जण मिळून ओढू लागले की प्रत्येकाचा जोर एकट्यानं ओढताना असतो त्याच्या जेमतेम निम्म्यावर येतो. आपल्याकडं याला दोर लागला नाही, ‘बारभाई कारभार’ एवढे दोन शब्द पुरले.

तसा हा वाक्प्रचार बारभाईंवर अन्यायच आहे म्हणा. नारायणरावाच्या खुनानंतर राघोबादादांना बाजूला सारून, चाळीस दिवसांच्या सवाई माधवरावाला पेशवा करून त्यांनी राज्य चालवून दाखवलं. आता बारा जणांनी हाती घेतलेलं काम पुढं पुढं एकट्या नाना फडणविसांच्या अंगावर पडलं, हे खरं. पण ज्यानं कॉलेजात एकदा तरी गटप्रमुखपद निभावलंय, त्याला यात नवल वाटणार नाही.

या सगळ्याच्या मुळाशी ३० ऑगस्ट १७७३ आहे आणि ते पत्र, ज्यात म्हणे ‘धरावे’चं ‘मारावे’ झालं. ठपका आनंदीबाईवर. ही आख्यायिका, पुरावा कुणाच्या हाती नाही. डॉक्समध्ये व्हर्जन हिस्टरी नावाची सोय आहे. कुठलं अक्षर कुणी, किती वाजता घातलं नि कुणी काढलं, हे ती रंगांनी दाखवते. त्या पत्राला ती असती, तर अडीचशे वर्षांचा वाद दोन क्लिकांत मिटला असता. अर्थात शनिवारवाड्यातली मंडळी ओळख न देता लिंकवरून आली असती, तर तिथंही ‘सर्व निनावी वापरकर्ते’ एवढंच दिसलं असतं.

तेच आमच्याकडं झालं. विषय होता आमच्या मंगळवारच्या बाजारातल्या प्लास्टिकच्या पिशव्या. राज्यात प्लास्टिकबंदी आली मार्च २०१८मध्ये, पण ती बाजाराच्या कमानीपर्यंत पोचून तिथंच उभी राहिली असावी. पोरांनी ६० विक्रेत्यांना विचारलं होतं. मसुद्यात वाक्य होतं: ‘६० विक्रेत्यांपैकी ७० जण कापडी पिशवीचा आग्रह धरतात.’ त्याखाली आणखी एक वाक्य होतं, ज्याचा मला अर्थच लागला नाही: ‘दोन हाफ सुट्टे द्या पुढे सरका.’ हिस्टरी उघडली, तर सगळं निनावी.

मी जाहीर केलं, यापुढं प्रत्येकानं आपापल्या खात्यातून यायचं. सत्तरच्या आकड्याशेजारी समासात टीप टाकली, ‘साठांपैकी सत्तर कसे?’ त्याखाली ‘ओके मॅडम’ आलं आणि कुणीतरी ती टीप ‘रिझॉल्व्ह’ करून टाकली. आकडा जिथल्या तिथं. मधेच एकानं झेरॉक्सच्या दुकानात टाइप करून आणलेली चार पानं चिकटवली. ती जुन्या डीटीपीच्या फॉन्टातली, युनिकोड नव्हे. त्यामुळं फाइलीत मराठीऐवजी शिव्या दिल्यासारखी चिन्हं उमटली. एका फाइलीत एका वेळी शंभर जणांना लिहिता येतं म्हणतात. आमचे पाच जणच पुरेसे होते.

पाच कसले, चार. अंतिम प्रत आली तेव्हा हिस्टरीत चार रंग होते, पाचव्या मुलीच्या नावावर एक स्वल्पविरामसुद्धा नाही. तोंडी परीक्षेला मी सुरी परजूनच बसले होते. मनातल्या मनात तिला पोह्यांच्या घरचा मुलगा ठरवून मोकळी झाले होते.

तिनं पिशवीतून शंभर पानी वही काढून टेबलावर ठेवली. प्रत्येक पानावर एक विक्रेता, साठ पानं भरलेली. काही पानांना टोमॅटोचे डाग होते, एकावर मेथीचं पान दाबलं गेलं होतं. ती मंगळवारी मावशीबरोबर त्याच बाजारात भाजी घेऊन बसते. साठही जण तिनंच विचारलेले. बाकीचे चौघे बाजारात गेलेच नव्हते. घरात स्मार्टफोन एकच, तो रात्रपाळीला भावाबरोबर जातो. म्हणून ती एसटीत मैत्रिणीच्या शेजारी बसून वहीतलं वाचून दाखवायची आणि मैत्रीण फोनला ऐकवून मजकूर उमटवायची.

“यात किती लिहिलंय?” मी तो आकडा दाखवला.

“सतरा, मॅडम. बघा ना वहीत.”

मैत्रिणीनं जीभ चावली. “गाडीचा आवाज होता, मॅडम. फोननं सत्तर ऐकलं वाटतं.”

चार जणांनी समास नीट केले, मुखपृष्ठावर झाड लावलं, शीर्षक तीनदा रंगवलं, आणि सत्तरला कुणी हात लावला नाही. कारण सतरा होते हे ठाऊक असलेली एकटी त्या फाइलीत कधी आलीच नव्हती. ध चा मा केला होता एसटीच्या इंजिनानं, आणि मी आनंदीबाई म्हणून भलतीलाच पकडून बसले होते.

तिला विभागातल्या संगणकावर बसवलं, खातं उघडून दिलं. तिनं एका बोटानं सत्तर खोडून सतरा लिहिलं. हिस्टरीत पाचवा रंग उमटला, निळा.

“मॅडम, बाकीचंपण माझ्या नावावर दिसंल का आता?”

“नाही गं, एवढंच.”

“असू द्या,” म्हणाली आणि वही परत पिशवीत टाकायला लागली. ती मी मागून घेतली. गुण त्या वहीवर दिले, प्रकल्पाच्या प्रतीला ती दोऱ्यानं बांधली आणि कपाटात ठेवली.

‘दोन हाफ सुट्टे द्या पुढे सरका’ हे वाक्य मात्र काढायला मी कुणालाच सांगितलं नाही. ते नवव्या पानावर अजून आहे. तपासायला बाहेरून आलेल्या सरांनी त्याच पानाच्या तळाशी सही केली आहे.