मायनर लीग कशासाठी बघते

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पुण्याहून फोनवर विचारता, इथे अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या केरीत मंडळाच्या गणपतीतही विचारता: क्रिकेटवाल्या घरातली तू, बेसबॉल बघतेस, आणि तेही मायनर लीगचं? इथल्या डरहम बुल्स संघात चमकलेला पोरगा वरच्या मेजर लीगमध्ये, टँपा बे रेज संघाकडे निघून जातो, मग जातेस कुणासाठी?

आजवर मी सोपं उत्तर देत आले. तिकीट स्वस्त आहे, मुलांना मोकळं सोडता येतं, आपल्या संघाने होमरन मारला की मैदानातल्या मोठ्या पाटीवरच्या बैलाचे डोळे लाल होतात, नाकपुड्यांतून धूर निघतो. यात खोटं काही नाही. पण मुलं आता येत नाहीत आणि मी तरीही जाते, म्हणजे खरं कारण ते नव्हतं.

एक संध्याकाळ सांगते. नवांपैकी सहाव्या इनिंगला शॉर्टस्टॉपच्या, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या फील्डरच्या, जागी दुसराच मुलगा मैदानात उतरला. दुखापत काहीच नव्हती. डगआउटमध्ये गळाभेटी सुरू झाल्या तसं आमच्या रांगेत सगळ्यांना कळलं, पोराला वरून बोलावणं आलं. लोक उभे राहिले, मीही राहिले. त्या बोलावण्याचं मोल तुम्हाला आकड्यांत सांगते. खेळाडूंची युनियन झाल्यावर २०२३ च्या करारात ट्रिपल-एचा, म्हणजे बुल्स खेळतात त्या मायनर लीगच्या सगळ्यात वरच्या पायरीचा, किमान पगार वर्षाला १७,५०० डॉलरवरून ३५,८०० वर गेला. त्याच वर्षी मेजर लीगचा किमान पगार ७,२०,००० होता.

बोलावणं आलेल्या त्या पोराला सगळ्यात आधी मिठी मारली ती राइट फील्डरने. वयाने तो तिथल्या पोरांपेक्षा बराच मोठा, वर्षानुवर्षं या गावाहून त्या गावाला बसने फिरलेला. त्याने पोराची पाठ थोपटली, हातमोजा उचलला आणि आपल्या जागी जाऊन उभा राहिला. मी नंतर त्याच्यावरची नजर काढलीच नाही. आठव्या इनिंगला त्याची बॅटिंग आली तेव्हा आम्ही हरत होतो, अर्धं स्टेडियम पार्किंगकडे निघालं होतं. त्याने सेकंड बेसमनच्या हातात सरळ ग्राउंडर, म्हणजे जमिनीलगत जाणारा चेंडू, मारला. बाद होणार हे सगळ्यांना दिसत होतं. तरी तो धावला, मान खाली घालून, पूर्ण ताकदीने, पहिल्या बेसच्या पुढेपर्यंत. एका पावलाने बाद झाला. परत येताना त्याने चेहरा वाकडा केला नाही, बॅट आपटली नाही. पुढच्या आठवड्यात संघाच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. त्याला मोकळं केल्याची एक ओळ आली होती, तेवढीच.

त्या रात्री मला घरी येऊन झोप लागली नाही. कारण तुम्हाला ठाऊक आहे. माझा भाऊ रणजीच्या संभाव्य खेळाडूंपर्यंत गेला आणि पुढच्या यादीत आला नाही. ‘तेवढ्या वर्षांत सीए झाला असता’ हे तुम्ही आजही त्याच्यासमोर म्हणता. पहाटे पाचला नेटला जाणारा तो मुलगा मी पाहिला आहे, आणि ती वर्षं फुकट गेली असं मी कुणालाही म्हणू देणार नाही. वर पोचला त्याचीच मेहनत खरी, हा हिशोब मला मान्य नाही. म्हणून जाते.

पण हे भावाला सांगितलं तेव्हा तो चिडला. “तू त्यांची कीव करायला जातेस, ताई. मला नको होती, त्यांनाही नको असेल.” मी त्याच्याशी भांडले. कीव असती तर एका संध्याकाळीच संपली असती, असं म्हणाले. तो म्हणाला, टाळ्यांनी घरभाडं भरत नाही. यावर मला उत्तर सुचलं नाही. त्या माणसाच्या शेवटच्या धावेत मी माझ्या भावाला पाहत होते, हेही खरं. त्या खेळाडूला मी त्याच्यासाठी पाहिलं की माझ्यासाठी, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

तरी ‘दर्जा काय त्या खेळाचा’ असं विचारणाऱ्यांना एकच विनंती आहे. सोमवारी सुट्टी असते, मंगळवार ते रविवार सलग सहा सामने. एकदा माझ्याबरोबर या, आणि आठव्या इनिंगआधी पार्किंगकडे निघू नका.