कर्ज सगळ्यांचं, मग काटकसर एकट्या स्वयंपाकघराची का?

आमच्या घरावर चार ठिकाणचं देणं झालं होतं आणि हे मी आता कुणालाही सांगते, लाजत नाही. नणंदेचं लग्न झालं, त्याला वर्ष व्हायच्या आत पप्पांची म्हणजे सासऱ्यांची बायपास झाली, आणि दोन्हीचे पैसे जिथून मिळाले तिथून उचलले. एक पतसंस्थेचं कर्ज, दोन जामीनदार घेऊन, १४ टक्क्यांनी. दुसरं बँकेत सोनं गहाण, त्यात माझ्या पाटल्या आणि आईंचं म्हणजे सासूबाईंचं गंठण. तिसरं क्रेडिट कार्ड, त्यावर हॉस्पिटलचं डिपॉझिट भरलं होतं. आणि चौथे मामांकडून हातउसने घेतलेले, ज्याला व्याज नाही पण प्रत्येक लग्नात, बारशात मामी समोर येतात तेव्हा आपोआप मान खाली जाते, ते व्याजच म्हणायचं.

(जाता जाता एक सांगते, ऑपरेशन ठरवायच्या आधी ते हॉस्पिटल महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या यादीत आहे का एवढं विचारून घ्या. आम्ही गेलो ते नव्हतं, आणि पेशंट स्ट्रेचरवर असताना हे विचारायचं कुणाला सुचतं.)

तर पप्पा घरी आले, जरा सावरले, आणि एका रविवारी सगळे हिशोबाला बसलो. आणि पहिल्या पाच मिनिटांत सगळ्यांचं एकमत काय झालं तर किराणा कमी करू. हे पण म्हणले, आई पण म्हणल्या, फोनवरून नणंद पण म्हणाली. मला रागच आला, पण मी बोलले नाही, म्हणलं ठीक आहे, एक महिना मी सगळं लिहून काढते, तोंडात जाणारं प्रत्येक, घरातलं आणि बाहेरचं पण, मग ठरवू. बाहेरचं म्हणल्यावर ह्यांनी माझ्याकडे जरा बघितलं.

महिनाअखेर वही उघडली तर गंमतच होती. भाजी, डाळ, ज्वारी यात कापण्यासारखं फार नव्हतंच. ह्यांचा ऑफिसजवळच्या टपरीवरचा दोन वेळचा चहा आणि सकाळचा नाष्टा, कधी भजी कधी पाव-पॅटिस, रोजचे साधारण ७० रुपये धरले तर २६ दिवसांचे १८२० रुपये. आमच्या घरात पाच माणसांची महिन्याची तूरडाळ, हरभरा डाळ, मूग, मटकी मिळून एवढ्याची येत नाही. हे म्हणायले, "अगं टपरीवरच तर ऑफिसची कामं होतात." असतील होत. पण घरी आमटीत डाळ किती घातली यावर सगळ्यांचं लक्ष आणि टपरीचा हिशोब कुणी विचारत नाही, ही कुठली पद्धत? मुलाचे शाळेतून येताना चिप्स-कुरकुरे वेगळे. आणि ते दहा मिनिटांत घरपोच आणून देणारं ॲप, त्यावर एक कोथिंबिरीची जुडी मागवायची तर डिलिव्हरी चार्ज नको म्हणून आणखी दीडशेचं काहीतरी घ्यायचं, हे तर मी स्वतःच करत होते. ते फोनमधून काढून टाकलं. ह्यांचा नाष्टा आता घरूनच होतो, चहा एक वेळचा बाहेर, तो मी ठेवलाय. सगळंच बंद केलं की माणूस चोरून करतो.

आता क्रेडिट कार्डाचं गणित सांगते कारण ते कळल्याशिवाय या सगळ्याला अर्थ नाही. महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला ४२ टक्के. आमचे ४०,००० राहिले होते, त्यावर महिन्याचं व्याज १४००, वर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी म्हणजे अजून २५२. साडेसोळाशे रुपये दर महिन्याला नुसते हवेत, मूळ रक्कम तशीच. आईंचं म्हणणं होतं आधी भावाचे, म्हणजे मामांचे द्या, नात्यात कडूपणा नको. मी म्हणलं आई, मामांना मी स्वतः फोन करते, दिवाळीपर्यंत थांबा म्हणून सांगते, पण आधी हे कार्ड संपवू. त्यावरून दोन दिवस घरात अबोला. शेवटी पप्पाच म्हणले की ती म्हणायलीय ते बरोबर आहे, माझ्या मेव्हण्याला मी ओळखतो, तो थांबेल. थांबले.

आणि एक पद्धत ठेवली, माझ्या मते हीच खरी कामाची. जे वाचतं ते त्याच आठवड्यात कार्डाला भरायचं. रविवारी वही बघायची, ३०० वाचले तर ३००, ४५० वाचले तर ४५०, तिथल्या तिथे फोनवरून. महिनाअखेर भरू म्हणून ठेवलेले पैसे अकाऊंटला दिसत राहतात आणि दिसले की कुणाला तरी चप्पल लागते.

आता स्वयंपाकघरात काय बदललं ते. आम्ही सोलापूरचे, त्यामुळे ज्वारी आमच्याकडे आहेच. पण मध्ये काही वर्षं चपातीच जास्त व्हायला लागली होती, भाकरीला वेळ लागतो म्हणून. आता सुट्टीच्या दिवशी मी आणि आई मिळून कडक भाकरी करून ठेवतो. कडक भाकरी कितीतरी दिवस टिकते, गॅस एकदाच पेटतो, आणि कामाच्या दिवशी नुसती आमटी केली की भाकरी चुरून जेवण होतं. शेंगाचटणी डब्यात असतेच. शेंगदाणे स्वस्त नाहीत, हे मान्य, पण त्यात मी हात आखडता घेत नाही.

आमटीत तूर आणि मसूर निम्मी निम्मी घालते, मसूर स्वस्त आहे आणि लवकर शिजते पण. पप्पांना अजून कळलेलं नाही, किंवा कळलंय आणि बोलत नाहीत. हुलगे म्हणजे कुळीथ परत आणायला लागलो, शेंगोळ्या, माडगं, आईंना ते सगळं येतं आणि मला येत नव्हतं, शिकले. हुलगा तुरीपेक्षा बराच स्वस्त पडतो. सोयावडी मुलाला आवडते, त्यात वजनाच्या निम्मं प्रोटीन असतं आणि किलोभर आणली तर महिना जातो. अंडी उन्हाळ्यात स्वस्त असतात तेव्हा जास्त आणायची, थंडीत दर चढतात तेव्हा कमी.

टोमॅटोचं तर मी ठरवूनच टाकलंय. पावसाळ्यात ते शंभरीकडे जातात, दर एक-दोन वर्षांनी हेच होतं, २०२३ च्या जुलैत तर त्याच्याही पुढे गेले होते, आणि तरी आपण पाव किलो, अर्धा किलो आणतच राहतो. कशाला? फेब्रुवारी-मार्चमध्ये चिंच येते तेव्हा वर्षाची फोडून, मीठ लावून बरणीत भरायची, आणि पावसाळाभर चिंच-गुळाची आमटी. आपल्या आज्या टोमॅटोशिवायच आमटी करत होत्या की.

कांद्याचं पण तसंच. सोलापूरच्या बाजार समितीत कांदा केवढा येतो हे तुम्हाला माहितीच आहे, हिवाळ्यात गाड्यांच्या रांगा लागतात, आणि स्वस्त दिसला म्हणून लोक पोतंभर घेऊन जातात. तो खरिपाचा लाल कांदा, ओला असतो, टिकत नाही, महिन्याभरात कोंब नाहीतर वास. साठवायचा असेल तर एप्रिल-मेमधला उन्हाळी कांदा घ्यायचा, वाळलेला, मान बारीक झालेला, आणि हवेशीर जागी पसरून ठेवायचा, पोत्यात कोंबून नाही. तो चार-पाच महिने सहज जातो, म्हणजे दर चढतात तोपर्यंत घरात असतो.

तेल आणि दूध यात खरी बचत झाली आणि ती काटकसर म्हणून नाहीच, पप्पांच्या पथ्यामुळे. आहारतज्ज्ञ बाईंनी कागदावर लिहून दिलं, माणशी दिवसाला चार ते पाच चमचे तेल, लहान चमचे. पाच माणसं, पाच चमचे, तीस दिवस म्हणजे पावणेचार लिटर. आमच्याकडे सात जात होतं! सातवरून चारवर यायला दोन-तीन महिने लागले, पहिल्यांदा वांग्याच्या भाजीला तर्री दिसली नाही तेव्हा ह्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. तेल घेताना पाकिटावर ग्रॅम बघा एवढं नक्की करा. एक लिटर म्हणजे साधारण ९१० ग्रॅम, आणि दिसायला तेवढंच पाकीट ८०० किंवा ८५० ग्रॅमचं असतं, ते स्वस्त वाटतं आणि स्वस्त नसतं. म्हशीच्या दुधाचा रतीब दीड लिटरवरून एकवर आणला, पप्पांना गाईचं. साय कमी झाली, आईंचं घरचं तूप कमी झालं, त्यावर मी काही बोलत नाही, विषय नाजूक आहे.

किराण्याची उधारी मात्र पूर्ण बंद. वहीवर माल घेतला की दर विचारायची लाज वाटते, हा माझा अनुभव आहे. रोख दिले की तोंड उघडतं. पण कोपऱ्यावरच्या दुकानदाराला आम्ही सोडलेलं नाही, पप्पा हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा त्यानेच महिनाभर न विचारता माल दिला होता. साखर, चहा, साबण त्याच्याकडून, डाळी आणि धान्य बाजारातून.

आणि हे सगळं करताना एका गोष्टीवर मी अडून बसले. बाईच्या ताटातून बचत करायची नाही. काटकसर म्हणलं की घरात नेमकं काय होतं, पुरुषांना आणि मुलांना पहिल्यासारखंच वाढतात, आणि शेवटी जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला पातेल्याच्या तळाची आमटी आणि शिळी भाकरी. कुणी तिला सांगत नाही तसं, ती स्वतःच करते आणि त्यालाच संसार म्हणतात. २०१९-२१ च्या एनएफएचएस म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला होता. माझं स्वतःचं हिमोग्लोबिन नऊच्या खाली गेलं होतं त्या हॉस्पिटलच्या धावपळीत. त्यामुळे आमच्याकडे आता रात्री सगळे एकदम बसतात, भांडी मध्ये ठेवून, ज्याचं त्याने वाढून घ्यायचं. आईंना पहिले काही दिवस फार अवघड गेलं, त्या सारखं उठायच्या, "तुम्ही जेवा की, मी नंतर बसते." आता बसतात. उरलेली भाकरी सकाळी कुस्करून फोडणी घालतो ती पण सगळ्यांना, एकटीला नाही.

कार्ड दिवाळीच्या आधी संपलं. मामांचे निम्मे दिले, निम्मे राहिलेत. पतसंस्थेचा हप्ता चालू आहे, तो आहे तसा जाईल.

आता घरात नवा वाद चालूय. मार्चमध्ये नवी ज्वारी येईल, मंगळवेढ्याकडची मालदांडी, आणि वर्षाची एकदम भरायची तर तीन क्विंटल तरी लागते. हे म्हणायलेत की तेवढे पैसे सोन्याच्या कर्जात भरू, आईंचं गंठण तरी सुटेल, ज्वारी काय महिन्याला आणता येते. गंठण म्हणल्यावर आई गप्प. माझा हिशोब असा की बँकेला सोन्यावर आम्ही महिन्याला एक टक्क्याच्या आतच देतो, आणि ज्वारी मार्चपेक्षा दिवाळीच्या आसपास आमच्या इथे दरवर्षी किलोमागे दहा-बारा रुपयांनी तरी वाढलेली असते, ती वाढ त्या व्याजापेक्षा जास्त आहे. म्हणून निदान दीड क्विंटल तरी आत्ताच घ्यावी, कडुनिंबाचा पाला घालून कोठीत भरावी, आणि उरलेले पैसे गंठणाकडे. रविवारी वही घेऊन परत बसायचंय.