आठव्या महिन्यातली रँक लिस्ट

डायनिंग टेबलवर दोन कागद होते. एकावर अकरा हॉस्पिटलांची नावं, दुसरा डेकेअरच्या वेटिंग लिस्टचा फॉर्म. ‘मुलाचं नाव’ या रकान्यात काय लिहावं तेच कळेना, कारण बाळ अजून पोटात होतं. शेवटी नुसतं ‘बेबी’ लिहिलं आणि पुढे आडनाव टाकलं. मला आठवा महिना लागला होता आणि फेब्रुवारी संपायच्या आत अमेरिकेतल्या रेसिडेन्सीची, म्हणजे डॉक्टर झाल्यावर हॉस्पिटलात राहून करायच्या पुढच्या प्रशिक्षणाची, रँक लिस्ट (पसंतीक्रमाची यादी) भरायची होती.

“ताई, दिवस गेलेत. यंदा अप्लाय करू की वर्षभर थांबू?” मिरजेच्या जीएमसीतल्या (सरकारी मेडिकल कॉलेजातल्या) माझ्या ज्युनियर मुली असं विचारतात. कुणाला दीड वर्षाचं मूल असतं, कुणाचा नवरा आधीच इकडे नोकरीला असतो. त्यांना फोनवर सांगते ते आज इथे सविस्तर लिहिते.

आपल्याकडे कॅप राउंडला पसंतीक्रम भरतो, तसंच इथे असतं. फरक एवढाच की हॉस्पिटलंही उमेदवारांचा क्रम लावतात आणि मग संगणक दोन्ही याद्या जुळवतो. याला मॅच म्हणतात. जिथे नाव लागेल तिथे जावंच लागतं, दुसरी फेरी मागता येत नाही. १९९८ पासून ही जुळणी उमेदवाराच्या पसंतीपासून सुरू होते. ती पद्धत बसवणाऱ्या अल्विन रॉथ यांना २०१२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, तेही जोड्या जुळवण्याच्या याच विषयातल्या कामासाठी. आपल्या दृष्टीने याचा अर्थ सोपा आहे. ‘ते मला घेतील का’ हा हिशेब करून यादी वरखाली करू नका. जिथे खरोखर जायचंय ते पहिलं लिहा.

पण खरोखर कुठे जायचंय, हेच तर आठव्या महिन्यात कळत नव्हतं.

मुलाखती ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत झाल्या, सगळ्या व्हिडिओवर. स्क्रीनवर खांद्यापर्यंतच दिसतं, त्यामुळे कुणाला काही समजलं नाही. लग्न, मूल, पुढचा विचार असले प्रश्न मुलाखतीत विचारू नयेत असा मॅचचा नियम आहे. आपणहून सांगायचं की नाही हे प्रत्येकीने ठरवावं. मी मुलाखतीत सांगितलं नाही, याचं मला जराही वाईट वाटत नाही. मात्र मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी तिथल्या रेसिडेंटांशी अनौपचारिक गप्पा असतात, तिथे प्रत्येक ठिकाणी मी एकच प्रश्न विचारला: “कुणाच्या मुलाला पहाटे ताप आला तर त्या दिवशी काम कोण बघतं?”

एका नावाजलेल्या ठिकाणी हा प्रश्न ऐकून तिघेही क्षणभर गप्प झाले. मग त्यांतला सीनियर म्हणाला, “लोक काहीतरी जुळवून घेतात.” दुसऱ्या, फारसं नाव नसलेल्या हॉस्पिटलच्या गप्पांना एक मुलगी मांडीवर सात महिन्यांचा मुलगा घेऊनच बसली होती. तो तिच्या हेडफोनची वायर ओढत होता. तिने सांगितलं, “आमच्याकडे रोज एक जण बॅकअपला असतो. फोन केला की तो येतो आणि नंतर त्याची ड्यूटी फेडावी लागत नाही.” मग तिने फोन कॅमेऱ्यासमोर धरून एक फोटो दाखवला: चौथ्या मजल्यावर वॉर्डाला लागूनच एक छोटी खोली, आत खुर्ची, कॉम्प्युटर आणि दूध ठेवायला फ्रिज. अशी सोय देणं नियमाने सगळ्यांनाच बंधनकारक आहे. पण नियमातली खोली आणि पेजर वाजत असताना दोन मिनिटांत गाठता येणारी खोली यांत फार अंतर असतं. दूध काढायला दोन इमारती ओलांडून जावं लागलं, तर दूध आटायला वेळ लागत नाही.

रजेचंही नीट समजून घ्या. भारतात २६ आठवड्यांची पगारी बाळंतपणाची रजा आहे, ती अपेक्षा मनातून काढून टाका. जुलै २०२२ पासून रेसिडेन्सीत किमान सहा आठवडे पूर्ण पगारी रजा एकदा मिळते आणि ती रुजू झाल्याच्या दिवसापासून लागू असते. इथल्या कायद्याने १२ आठवडे मिळतात, पण बिनपगारी आणि नोकरीला वर्ष झाल्यावर. रजा फार लांबली की शिक्षणही तेवढंच पुढे जाऊ शकतं. कामाचे तास चार आठवड्यांच्या सरासरीने आठवड्याला ८० पर्यंत असतात. काही ठिकाणी चार आठवडे वॉर्ड आणि मग एक आठवडा फक्त ओपीडी असं चक्र असतं. मूल लहान असेल तर तो पाचवा आठवडा सोन्यासारखा असतो. लसीकरण, डेकेअरची कामं, पुरेशी झोप, सगळं त्यात होतं.

बाकी माहिती आम्ही गाडी चालवून मिळवली. जानेवारीतल्या एका मंगळवारी पहाटे साडेपाचला मी आणि नवरा घरातून निघालो. मिशिगनचा बर्फ, रस्त्यावर मीठ टाकणारा ट्रक आमच्या पुढे. मोठ्या नावाच्या हॉस्पिटलला पोचायला ५५ मिनिटं लागली. दुसरं १४ मिनिटांवर. सव्वासहाला वॉर्डात हजर राहायचं आणि डेकेअर साडेसहाला उघडतं. म्हणजे सकाळी सोडायला नवराच जाणार. पण संध्याकाळी सहाला डेकेअर बंद होतं, आणि त्याची मीटिंग लांबली तर धावत जायला कुणीतरी जवळ हवं. हा हिशेब कुठल्याही माहितीपत्रकात सापडत नाही.

“आम्ही येऊ की,” आई म्हणाली. आल्याही, आधी आई, मग सासूबाई. डिंकाचे लाडू, तेलाचं मालीश, शेक, काही कमी पडू दिलं नाही. पण व्हिजिटर व्हिसावर एका वेळी साधारण सहा महिनेच राहायला मिळतं, आणि इंटर्नल मेडिसिनची रेसिडेन्सी तीन वर्षांची. आजीच्या भरवशावर पहिला हिवाळा निघतो. नंतर डेकेअर लागतंच, म्हणून त्या यादीत नाव बाळ पोटात असतानाच घालायचं.

बाबांना माझा क्रम पटला नाही. “अगं, नाव मोठं आहे ते पहिलं टाक. मुलं काय, वाढतात.” ते मायेनेच बोलत होते, आणि मला त्यांचं म्हणणं दोन रात्री टोचत राहिलं. मिरजेला इंटर्नशिप करताना आमच्या सीनियर मॅडमनी बाळ आईकडे ठेवलं होतं आणि दर रविवारी एसटीने जाऊन त्या त्याला भेटायच्या. सोमवारी राउंडला त्यांचे डोळे सुजलेले असायचे. मला तसं नको होतं. चौथ्या मजल्यावर खोली असलेलं हॉस्पिटल मी पहिल्या क्रमांकावर टाकलं.

२०२४ च्या मार्चमध्ये निकाल लागला. इथे दुपारचे बारा, सांगलीत रात्रीचे साडेनऊ. पहिलाच क्रमांक लागला होता. लेक एप्रिलच्या मध्यावर झाली आणि १ जुलैला, ती अकरा आठवड्यांची असताना, मी रुजू झाले.

नोव्हेंबरमध्ये एकदा पहाटे चार वाजता तिला १०२ ताप भरला. डेकेअर अशा मुलाला घेत नाही आणि नवरा त्या दिवशी दुसऱ्या गावी होता. चीफ रेसिडेंटला फोन करताना माझा आवाज कापत होता. ती म्हणाली, “घरीच थांब. बॅकअपला कळवते.” सात वाजता माझ्या जागी आलेल्या सहकाऱ्याचा मेसेज आला: “तुझे सहाही पेशंट बघितले. बारा नंबरच्या आजोबांचं सोडियम सुधारलंय. लेकीचा ताप कळव.” मी तो मेसेज दोनदा वाचला आणि तिच्या कपाळावरची घडी बदलली.