एक्स्टेन्शन्स लावायला सगळे तयार, काढायला कुणी नाही : माझा अनुभव

सगळ्यात आधी सांगते की मला एक्स्टेन्शन्स, म्हणजे आपल्या केसांना जोडून लावतात ते लांब केस, आवडली होती. हे अशासाठी, की खाली मी जे पुराण लावणार आहे ते वाचून कुणीतरी म्हणणारच, "मग कशाला गेलीस नटायला". दिराच्या लग्नात कमरेपर्यंत वेणी होती माझी, गजरा माळून खाली हातभर उरत होती, आणि त्याचा मला काडीचा पश्चात्ताप नाही. माझं डोकं फिरलं ते काढायच्या वेळी. लावताना सलूनवाले जेवढे गोड बोलतात त्याच्या पाव हिश्श्याएवढं तरी काढताना बोलतील अशी कुणाची समजूत असेल तर हे वाचून घ्या.

मी लावली ती केरॅटिन बॉन्डवाली, सलूनमध्ये यू-टिप किंवा फ्यूजन पण म्हणतात. आपल्या केसांची एक बारीक बट घ्यायची, तिला एक्स्टेन्शनची बट चिकटवायची, तिच्या टोकाला जो कडक गोंद असतो तो गरम चिमट्याने वितळवायचा आणि बोटांनी वळून तांदळाच्या दाण्याएवढा करायचा, मुळापासून अर्धा-एक सेंटिमीटर जागा सोडून. हा दाणा म्हणजे बॉन्ड. पूर्ण डोक्याला साधारण १०० ते १५० बटा लागतात, एकेक बट १ ग्रॅमच्या आसपास. नाव केरॅटिन असलं तरी पुष्कळदा तो पॉलिअमाइडचा गोंद असतो, म्हणजे उष्णतेने वितळणारं प्लास्टिकच, त्याने केसांचं पोषणबिषण काही होत नाही. अर्धा दिवस बसले, मान आखडली, बिल तीस हजारांच्या वर गेलं, विषय संपला. लावण्याच्या कामाबद्दल माझी तक्रार नाही, सफाईने लावली होती.

तक्रार एवढीच की लावण्याआधी कुणी एक साधा प्रश्न विचारला नाही, की बाई तुमचे केस आत्ता गळतायत का. मला त्याआधी डेंग्यू होऊन गेला होता. डेंग्यू, टायफॉइड, कोविड, बाळंतपण, यातलं काहीही झालं की दोन-तीन महिन्यांनी केस गळायला लागतात, कारण बरेचसे केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि मग एकत्रच गळतात. म्हणजे ज्या बटेत समजा पन्नास केस धरले त्यातले दहा-पंधरा महिनाभरात तसेही सुटणार असतात, आणि मग उरलेल्या पस्तिसांवर पन्नासांचं ओझं. हे गणित मला पुढे स्किनच्या डॉक्टरांनी समजावलं. सलूनमध्ये उलट "केस पातळ झालेत ना मॅम, मग एक्स्टेन्शन्स बेस्टच" असं ऐकलं होतं.

आता मुद्द्यावर येते. तीन-चार महिन्यांनी काढावी लागतात हे त्यांनीच सांगितलं होतं, आणि ते खरंय, कारण केस महिन्याला साधारण एक-सव्वा सेंटिमीटर वाढतात आणि बॉन्ड केसाबरोबर खाली सरकत जातो. चार महिन्यांत तो मुळापासून पाच-सहा सेंटिमीटरवर लोंबायला लागतो, मग तो गोल फिरतो, शेजारच्या बॉन्डमध्ये अडकतो, कुशीवर झोपलं की टोचतो. शिवाय आपले रोजचे ५० ते १०० केस गळतच असतात. एरवी ते फणीत येतात, बाथरूमच्या जाळीत अडकतात, आपण गुंतवळ उचलून टाकतो. बॉन्डमध्ये धरलेले मात्र मुळातून सुटले तरी कुठे जाणार? तिथेच लटकून राहतात आणि शेजारच्या चांगल्या केसांना गुंडाळतात.

तर मी वेळेत फोन केला. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "मॅम, रिमूव्हलचा स्लॉट या आठवड्यात नाहीये, कॉलबॅक करते." कॉलबॅक कसला येतोय. मी परत केला तर म्हणे आमचे एक्स्टेन्शन एक्स्पर्ट सुट्टीवर आहेत. मग व्हॉट्सॲपवर टाकलं, दोन निळ्या टिका आल्या, उत्तर काही नाही, पण त्याच नंबरवरून मला केरॅटिन ट्रीटमेंटची ऑफर मात्र आली!! नंतर एकदा उत्तर आलं ते असं, "मॅम, नुसतं काढण्यापेक्षा मूव्ह-अप करून घ्या ना, त्याचा स्लॉट उद्याचा पण मिळेल." मूव्ह-अप म्हणजे काढून परत वर लावायची. म्हणजे काढणारा माणूस आहे, फक्त परत लावून घेणाऱ्यांसाठी आहे! आणि चार्ज ऐकून मी फोन कानापासून लांब धरला. रागाने मी प्रत्यक्ष जाऊन बसले. दुपारभर सोफ्यावर बसवून ठेवलं, ग्रीन टी दिला, आणि शेवटी एका नवख्या मुलाच्या हाती दिलं. त्याने रिमूव्हर न लावता कोरड्याच बॉन्डला पक्कड लावली आणि खेचलं. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. बॉन्डबरोबर माझे चांगले मुळासकटचे केस त्याच्या हातात, आणि वर म्हणतो "थोडे जातातच मॅम". मी खुर्चीवरून उठले, ॲप्रन काढून त्याच्या हातात दिला आणि निघाले. घरी नवरा म्हणाला एवढं तडकाफडकी यायला नको होतं, पण मी म्हणते तेवढं एक काम मी झकास केलं.

मग सुरू झाली दुसरी वारी. पुण्यात एवढी सलून्स, विचारावं तिथे एकच उत्तर, "दुसरीकडे लावलेलं आम्ही काढत नाही." कारण काय तर कुठला गोंद वापरलाय माहीत नाही, केस तुटले तर नाव आमचं खराब. त्यांच्या बाजूने बघितलं तर खोटं नाही ते, पण मग माझ्यासारखीने करायचं काय? एकीने तर सुचवलं की बॉयकट करून टाका. या सगळ्यात आठवडे चालले होते आणि उजव्या कानामागे तीन बॉन्ड मिळून चक्क जट झाली होती. शेजारच्या काकूंनी बघितली आणि आवाज बारीक करून विचारलं, "देवीचं काही राहिलंय का गं तुमच्याकडे?" अंनिसवाले इतकी वर्षं कंठशोष करून सांगतायत की जट म्हणजे नुसते न सुटलेले केस असतात, आणि इथे सोसायटीत, लिफ्ट असलेल्या बिल्डिंगमध्ये, हा प्रश्न. मी म्हटलं काकू, देवीचं नाही, सलूनचं राहिलंय.

या काळात कुणाला यूट्यूब बघून घरी काढायचा मोह होईल, मलाही झाला. नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात लावू नका. त्यात बहुतेक वेळा ॲसिटोन असतं, ते केस आणि त्वचा कोरडी ठणठणीत करतं, शिवाय पटकन पेट घेतं. आईचं म्हणणं होतं की खोबरेल तेल चोपड, आपोआप सुटेल. तेलाने गोंद सैल होतो हे खरंय, म्हणूनच तर एक्स्टेन्शन्स असताना मुळाशी तेल लावू नका म्हणतात, पण नुसत्या तेलाने असा फ्यूजन बॉन्ड नीट सुटत नाही, अर्धवट सुटून चिकट होतो आणि त्याला अजून केस चिकटतात.

शेवटी कामी आली ती ओळख. मैत्रिणीच्या नात्यातली एक ताई मालिकांच्या सेटवर केसांचं काम करते, विग, गंगावन, सगळं. तिने घरी बोलावलं. पहिलं वाक्य, "केस धुऊन नाही आलीस ना?" नव्हते धुतले, नशीब. गुंता असताना धुतलं की तो आवळून नमद्यासारखा घट्ट बसतो, म्हणून आधी सोडवायचं आणि मग पाणी. हे कुठल्याच सलूनने मला सांगितलं नव्हतं.

तिने खिडकीजवळ स्टुलावर बसवलं आणि मानेपासून वरवर सुरुवात केली. ड्रॉपरच्या बाटलीतून अल्कोहोलवालं रिमूव्हर एकेका बॉन्डवर दोन थेंब, जरा थांबायचं, मग बारीक खाचांच्या पकडीने बॉन्ड वरून, खालून, बाजूने दाबायचा. कर्र असा आवाज यायचा आणि काचेसारखा पारदर्शक दाणा पांढरा होऊन त्याचा भुगा व्हायचा. मग एक्स्टेन्शनची बट खाली सरकवायची, ओढायची नाही. सरकली नाही तर परत थेंब, परत दाबणं. ती म्हणाली, "जोर लागतोय असं वाटलं की समज बॉन्ड अजून फुटलेला नाही." हे वाक्य त्या सलूनच्या दारावर लावायला पाहिजे. कानामागच्या जटेला तिने कात्री लावलीच नाही. टोकदार शेपटीच्या कंगव्याने खालच्या बाजूने एकेक केस वेगळा करत बसली, मध्ये चहा झाला, तिच्या मुलाचा अभ्यास झाला, तरी चालूच. उरलेला भुगा बारीक दातांच्या फणीने काढला, चिकट राहिलं तिथे शेवटी थोडं तेल.

समोर ठेवलेल्या वर्तमानपत्रावर केसांचा ढीग जमला तो बघून मी गपगार. मला वाटलं टक्कलच पडलं. तर ताईने त्यातला एक केस उचलून उजेडात धरला, टोकाला बारीक पांढरा ठिपका. "हा आपणहून गळलेला, बॉन्डने धरून ठेवला होता." मग दुसरा शोधला, आखूड, दोन्ही टोकं नुसतीच, ठिपका नाही. "हा तुटलेला. हे किती आहेत ते बघ." घरी हिशोब केला, दिवसाला ५० धरले तरी चार महिन्यांचे ६,००० केस होतात. डोक्यावर साधारण लाखभर असतात. सगळे काही बॉन्डमध्ये नसतात, पण ढीग एवढा मोठा का दिसतो हे कळलं आणि त्या रात्री झोप लागली. ज्यांची काढायची आहेत त्यांनी ढीग बघून रडण्याआधी पांढरे ठिपके बघा.

तुटलेलेही होते मात्र. कपाळाच्या कडेला आणि कानांच्या वर पातळ झालंय असं दिसत होतं म्हणून स्किनच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी भिंगाचा दिवा लावून बघितलं आणि म्हणाल्या ट्रॅक्शन ॲलोपेशिया, सुरुवातीचा. सतत ओढ बसल्याने मुळं दुखावतात. करकचून पोनीटेल बांधणाऱ्या मुलींना होतं, घट्ट जुडा बांधून पगडी घालणाऱ्या शीख पुरुषांना होतं, तसंच हे. लवकर ओढ थांबवली तर केस परत येतात, वर्षानुवर्षं चालू ठेवलं तर मुळाच्या जागी व्रण होतो आणि मग औषधानेही काही उगवत नाही. लावल्यावर दुखणं, बारीक पुळ्या येणं, झोपताना टोचणं, हे "सवय होईल" म्हणून सोडून द्यायचं नाही, ती ओढ जास्त असल्याची खूण आहे. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासायला सांगितलं, फेरिटिन कमी निघालं, गोळ्या चालू आहेत. आता कपाळाच्या कडेला बारीक बारीक केस उभे राहतायत, लोकांना विचित्र दिसतात, मी आरशात रोज मोजते.

आठवेल तसं लिहितेय, क्रम नाही. लावण्याआधी सलूनला विचारायचं की काढून कोण देणार, किती घेणार, आणि ते बिलावर लिहून घ्यायचं. गोंद कुठला आणि रिमूव्हर कुठलं याचा फोटो काढून ठेवा, दुसरीकडे जायची वेळ आली तर तोच फोटो उपयोगी पडतो. काढायची अपॉइंटमेंट लावायच्या दिवशीच घ्या. कपाळाच्या कडेचे केस घेऊ देऊ नका, तिथलेच सगळ्यात नाजूक असतात. आंघोळीनंतर मुळं नीट वाळवा, पावसाळ्यात तर नक्कीच, बॉन्डच्या गर्दीत ओल राहते आणि वास येतो. झोपताना सैल वेणी.

कुणाला टेप, म्हणजे चिकटपट्टीवाली एक्स्टेन्शन्स, लावायच्या असतील तर त्या सहा-आठ आठवड्यांनी वर सरकवाव्या लागतात, म्हणजे सलूनच्या दारात जास्त वेळा. रिंगवाल्यांना, म्हणजे बारीक कड्या दाबून बसवतात त्यांना, गरम चिमटा लागत नाही, पण त्यात धातू असतो, एमआरआय करायची वेळ आली तर तिथे आधी सांगा. आणि एखाद्या लग्नापुरतंच पाहिजे असेल तर क्लिपवाली घ्या, रात्री काढून कपाटात ठेवता येतात, कुणाला फोन करावा लागत नाही.

केसांच्या क्वालिटीचं पण राहिलं. रेमी म्हणजे सगळ्या केसांची मुळं एका दिशेला, तिरुमलाला वाहिलेले केस त्या प्रकारचे, एकत्र कापलेले. दुसरे असतात ते गुंतवळीचे, दारावर केसांवर भांडी द्यायला येतात ना, ते केस पण शेवटी याच बाजारात जातात. त्यात मुळं-टोकं उलटसुलट, म्हणून ॲसिडने वरचं आवरण काढतात आणि सिलिकॉनचा थर देतात. दुकानात रेशमासारखे लागतात, काही वेळा धुतले की थर जातो आणि गुंता सुरू. माझे रेमी म्हणून घेतलेले, ताईने बोटांत उलटसुलट फिरवून बघितले आणि नुसतीच हसली. तरी मी त्या सगळ्या बटा धुऊन पिशवीत बांधून ठेवल्यात, तीस हजारांच्या आहेत, आणि नवीन टोकं लावून परत वापरता येतात म्हणे. नणंदेने मागितल्यात. तिला म्हटलं आधी काढणारी शोध, मग पिशवी देते.