रावेरखेडीला जरूर जा, पण भेरूघाटातून जाऊ नका

रावेरखेडीची थोरल्या बाजीराव पेशव्यांची समाधी इंदूरपासून इतकी जवळ आहे की सकाळी पोहे खाऊन निघालं तर दुपारच्या जेवणाला घरी परत, असं आम्हाला एक सोडून चार जणांनी सांगितलं होतं. "खंडवा रोड आता मस्त झालाय, चार लेनचा आहे, अडीच तासांत पोचाल." फोनवरचा नकाशाही साधारण तेवढाच वेळ दाखवत होता. आम्ही सकाळी सहाला इंदूरच्या राजेंद्रनगरहून निघालो आणि समाधीपाशी पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते. हे लिहितोय ते तुमचा दिवस असा जाऊ नये म्हणून.

मित्र आदल्या दिवशी पुण्याहून स्वतःची गाडी घेऊन आला होता. धुळे, सेंधवा, खलघाट, धामनोद, सगळा चांगला रस्ता, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. इंदूर ते रावेरखेडी हा त्याचा खास हट्ट. लहानपणापासून मनात होतं, म्हणाला.

तेजाजीनगरपर्यंत सगळं छान. पुढे सिमरोलपर्यंतही, आयआयटी मागे पडेस्तोवर, आम्ही खुशीत होतो. मग काम सुरू झालेला पट्टा लागला. इंदूर-खंडवा रस्त्याचं चौपदरीकरण चालू आहे आणि घाटाच्या भागात भेरूघाट, बाईग्राम, चोरल अशा ठिकाणी बोगदे आहेत. बोगदे पूर्ण वापरात येतील तेव्हा या रस्त्याचं नशीब पालटेल यात शंका नाही. पण आम्ही गेलो तेव्हा सगळी वाहतूक जुन्या घाटातूनच चालली होती, आणि तो घाट एवढ्या वाहतुकीसाठी नाहीच.

घाटाच्या वळणावर एक भरलेला ट्रक चढताना बंद पडला होता. क्लीनरने मागच्या चाकाला दोन मोठे दगड लावले होते आणि तो रस्त्यात उभा राहून हाताने गाड्या थांबवत होता. ट्रकशेजारून एका वेळी एकच गाडी निघेल एवढी जागा. एवढ्यावर भागलं असतं तर अर्ध्या तासात मोकळे झालो असतो. पण मागून येणाऱ्या जीप आणि बसनी उजवीकडून दुसरी रांग केली, मग तिसरी, आणि समोरून चढून येणाऱ्यांना जागाच उरली नाही. आम्ही दोन तासांपेक्षा जास्त तिथे अडकलो. पुढच्या गाडीचा क्लच जळाल्याचा वास येत होता, काच खाली करावी तर धूळ, वर करावी तर घाम. मित्र उत्तम गाडी चालवतो, ताम्हिणी-वरंध्यात वाढलेला माणूस, पण उतारावर फूटभर पुढे, ब्रेक, फूटभर पुढे, ब्रेक असं करून त्याचा पाय थरथरायला लागला होता. "अरे, तू बस जरा, मी घेतो," म्हणून शेवटी मी चाकावर बसलो.

ही गर्दी का होते ते समजून घ्या, म्हणजे कोणी "आज मोकळा असेल" म्हटलं तरी फसणार नाही. ओंकारेश्वरची सगळी गर्दी याच रस्त्याने जाते. खंडव्याकडे जाणारे मालाचे ट्रकही इथूनच. पूर्वी महूहून मीटरगेजची गाडी ओंकारेश्वर रोड स्टेशनपर्यंत जायची, ती ब्रॉडगेजच्या कामासाठी 2023 पासून बंद आहे, त्यामुळे ते प्रवासीही रस्त्यावर आले. शनिवार, रविवार, सोमवार आणि अमावास्या-पौर्णिमा या दिवशी तर या घाटाचं नावच काढू नका. आणि 2028 च्या सिंहस्थासाठी लोक उज्जैनबरोबर ओंकारेश्वरही करणार, तोवर काम संपलेलं असावं एवढीच प्रार्थना.

घाट उतरलो आणि बडवाहच्या आधी खड्ड्यात डावं पुढचं चाक आदळलं. ट्यूबलेस टायर, हवा हळूहळू जात होती. रस्त्यालगतच्या एका पंक्चरवाल्याकडे थांबलो. आता हे नीट वाचा. त्याने चाक काढलं, आत नेलं, दोन मिनिटांनी बाहेर येऊन म्हणाला, "चार जगह से गया है, साहब." एका पंक्चरचे दोनशे, म्हणजे आठशे. मी चाक माझ्यासमोर आणायला लावलं आणि साबणाचं पाणी मारून दाखव म्हटलं. बुडबुडे दोन ठिकाणी आले. त्यातल्या एकाच्या कडा इतक्या ताज्या, स्वच्छ होत्या की ते भोक खिळ्याचं नाही, टोच्याचं होतं, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं. बाकीची दोन कुठे आहेत विचारल्यावर तो गप्प. वाद घालून चारशेवर आलं. इंदुरात हेच काम शंभर-दीडशेत होतं. पैशांपेक्षा जास्त राग आला तो याचा, की धडधाकट टायरला माणसाने मुद्दाम भोक पाडलं. तर नियम असा: चाक डोळ्यांआड जाऊ देऊ नका, हात लावण्याआधी दर ठरवा, प्रत्येक बुडबुडा स्वतः मोजा. त्याहून चांगलं म्हणजे पंक्चर किट आणि बॅटरीवर चालणारा हवेचा पंप गाडीत ठेवा. ट्यूबलेसच्या भोकात किटमधली दोरी भरणं अवघड नाही, पंधरा मिनिटांचं काम आहे.

बडवाहनंतर मोरटक्क्याला नर्मदा ओलांडायची. पूल जुना आणि अरुंद, शेजारी नव्या पुलाचं काम. 2023 च्या सप्टेंबरात नर्मदेला पूर आला तेव्हा हा पूल बंद ठेवावा लागला होता, म्हणून पावसाळ्यात निघण्याआधी सनावदला किंवा बडवाहला ओळखीचं कोणी असेल तर फोन करून विचारा. पुढे सनावदपर्यंत आणि तिथून खरगोन रस्त्याने बेडियापर्यंत काही त्रास नाही. बेडिया मिरचीच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. तिथून उत्तरेला नर्मदेकडे वळायचं.

इथे नकाशाची एक गोष्ट. नुसतं "रावेर" टाकलं तर तो तुम्हाला जळगाव जिल्ह्यातल्या केळीच्या रावेरला नेईल. "रावेरखेडी" पूर्ण लिहा, आणि ठिकाण नर्मदेच्या दक्षिण तीरावर दाखवतोय ना, ते तपासा. गावातले रस्ते नकाशापेक्षा तिथल्या माणसांना विचारून धरा. "बाजीराव की समाधि" म्हटलं की लहान मूलसुद्धा हात करून दाखवतं.

आणि मग समाधी. सकाळपासूनचा सगळा वैताग तिथे पोचल्यावर गेला, हे अगदी खरं सांगतो. भोवती दगडी भिंत, आत ओवऱ्या, मध्ये समाधी, पलीकडे नर्मदेचं विस्तीर्ण पात्र. नानासाहेब पेशव्यांनी ही वास्तू राणोजी शिंद्यांकरवी बांधून घेतली. 28 एप्रिल 1740 ला बाजीराव इथेच, छावणीत, तापाने गेले. वय चाळीसही पूर्ण नव्हतं. विसाव्या वर्षी पेशवेपद, आणि पुढची वीस वर्षं घोड्यावर. आपल्याला इंदूरहून इथे यायला अख्खी सकाळ लागते आणि हा माणूस पावसाळा सोडला तर थांबतच नव्हता, हे तिथे उभं राहिल्यावर फार जाणवतं. मित्र ओवरीच्या दगडावर हात ठेवून बराच वेळ उभा होता, मीही काही बोललो नाही. इंदूर, ग्वाल्हेर, देवास, धार, बडोदा या सगळ्या गावांत आपण मराठी माणसं आज राहतो ती त्या काळातल्या घोडदौडीमुळे. इंदुरात राहून इथे न येणं हे मला तरी पटत नाही. मुलांना घेऊन याच.

तिथे उपाहारगृह नाही असं समजूनच जा. पाणी, डबा, टोपी बरोबर ठेवा, उन्हाळ्यात निमाडचं, म्हणजे या भागातलं, ऊन सोसत नाही. घाटाकडे उतरताना पायात घट्ट बसणारी चप्पल हवी.

परत येताना आम्ही भेरूघाट घेतलाच नाही. सनावद, मोरटक्का, बडवाहपर्यंत तेच, पण तिथून डावीकडे मंडलेश्वरचा रस्ता धरला. नर्मदेच्या उत्तर बाजूने जातो, रहदारी कमी. मंडलेश्वर, महेश्वर, धामनोद, आणि तिथून आग्रा-मुंबई महामार्गाने मानपूर, महू, इंदूर. महेश्वरला अहिल्याबाईंचा वाडा आणि घाट पाहिला, चहा घेतला, छान झालं. सत्तरेक किलोमीटर जास्त पडतात, टोल पडतो, पण गाडी चालत राहते. माझं स्पष्ट मत: बोगदे पूर्ण सुरू होईपर्यंत जातानाही हाच रस्ता घ्या. धामनोदच्या आधीचा गणपती घाट उतारावर ब्रेक फेल होऊन होणाऱ्या अपघातांसाठी कुप्रसिद्ध होता. आता उतरणाऱ्या गाड्यांसाठी सुमारे 9 किलोमीटरचा नवा रस्ता झाला आहे, त्यामुळे ती भीती पुष्कळ कमी झाली. तरीही जड वाहनांच्या पुढे रेंगाळू नका.

पुण्या-नाशकाहून थेट येणाऱ्यांनी तर इंदूरपर्यंत चढायचंच नाही. धामनोदलाच उजवीकडे वळा, महेश्वरला मुक्काम करा, सकाळी लवकर बडवाह-सनावदमार्गे रावेरखेडी. खानदेशातून येणाऱ्यांना आणखी सोपं: बुऱ्हाणपूर, खंडवा, सनावद. ना भेरूघाट लागतो, ना मोरटक्क्याचा पूल. आणि कोणी ओंकारेश्वर जोडायचं म्हटलं तर तो वेगळा दिवस ठेवा, दोन्ही एका दिवसात उरकू नका.