रेडवूडच्या बुडख्यांमागे: ओकलंड ते लेगेट

कॅलिफोर्नियातल्या रेडवूड नावाच्या झाडाचं फर्निचर बघायला जाणाऱ्याने दुकानापासून सुरुवात करू नये, असं माझं मत आहे. दुकानात आधी किमतीची चिठ्ठी दिसते आणि मग लाकूड दिसतच नाही. आम्ही सुरुवात केली ओकलंडच्या म्युझियमपासून. तिथे जे. बी. ब्लंक या शिल्पकाराचं ‘द प्लॅनेट’ आहे. १९६९ साली केलेलं, रेडवूडच्या एकाच अवाढव्य गाठीतून कोरलेलं, १३ फूट व्यासाचं कडं. हे शिल्प की बाक, हे ठरवेपर्यंत शाळेची एक सहल आत शिरली आणि पोरं त्यावर चढूनही बसली. कुणी ओरडलं नाही. बसावं, चढावं, हात फिरवावा म्हणूनच ते ठेवलंय. बसून बसून त्याच्या काही कडांना जी झिलई आलीय, ती कुठल्याही पॉलिशने येणार नाही.

माझे सासरे, म्हणजे बाबा, सोबत होते. बाबांची देवरुखला लाकडाची वखार होती, त्यामुळे लाकूड दिसलं की हात लावल्याशिवाय त्यांना पुढे जाता येत नाही. त्यांनी वाकून खालची बाजू पाहिली, मग हळूच अंगठ्याचं नख दाबलं. “अगं, हे तर नखाने दबतंय! ह्याचं टेबल करतात?”

प्रश्न रास्त होता. रेडवूड मऊ आणि हलकं असतं. सागाच्या पाटावर वाढलेल्या माणसाला ते फर्निचरच्या लायकीचं वाटणारच नाही. पण त्याच्या लालसर गाभ्यात टॅनिन भरपूर, म्हणून ते सहजी कुजत नाही. वाळताना फारसं आकसत नाही की वाकडं होत नाही. आणि जगातलं सगळ्यात उंच झाड तेच, आजचं उंचात उंच जवळपास ११६ मीटर. इतकी लांबरुंद अखंड फळी दुसऱ्या कुठल्या झाडाची मिळणार?

ब्लंक मूळचा कॅन्ससचा, जन्म १९२६चा. शिकला मातीकाम. कोरियन युद्धात सैन्यात गेला आणि तिथून जपानला पोचला. टोकियोतल्या लोककलेच्या दुकानात त्याची इसामू नोगुची या शिल्पकाराशी गाठ पडली. त्या ओळखीतून तो बिझेनच्या कुंभारांकडे उमेदवारीला राहिला. परत आल्यावर गॉर्डन ऑन्सलो फोर्ड या चित्रकाराने त्याला कॅलिफोर्नियातल्या इन्व्हर्नेसमधल्या आपल्या घराच्या छपराचं काम दिलं आणि पुढे घर बांधायला एकरभर जागाही दिली. १९५९ ते ६२ या काळात ब्लंक आणि त्याच्या बायकोने तिथे आपल्या हातांनी घर उभं केलं. लाकूड कुठून आणलं? बरंचसं जुनं, कुणी काढून टाकलेलं आणि समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकलेलं. मग त्याने साखळीची करवत हातात घेतली आणि लाकूडतोड्यांनी जंगलात सोडून दिलेल्या बुडख्यांकडे वळला. मोठ्ठा मातीचा गोळा समोर असावा तसं तो बुडखा कोरायचा. बाबांना ‘प्लॅनेट’वर करवतीचे वळसे सापडले तेव्हा ते खूश झाले. “रंधा लावलाच नाही बघ. लावला असता तर मेला असता तो तुकडा.”

त्याचं आणखी काम सॅन फ्रान्सिस्कोत फोर्ट मेसनला आहे, ग्रीन्स नावाच्या शाकाहारी रेस्टॉरंटमध्ये. झेन बौद्धांच्या झेन सेंटरने १९७९ साली लष्कराच्या जुन्या गोदीतल्या गोदामात ते सुरू केलं. आत शिरल्यावर ब्लंकचं रेडवूडचं प्रचंड काम समोर येतं आणि टेबलाची वाट बघणारी माणसं खुशाल त्यावर टेकलेली असतात. खिडकीतून गोल्डन गेट पूल दिसतो. जेवण चांगलं होतं. बिलाबद्दल बोलत नाही.

उत्तरेला जायला आम्ही १२८ नंबरचा रस्ता धरला. अँडरसन व्हॅलीतले द्राक्षमळे संपले की नवारो नदीच्या कडेकडेने रेडवूडची राई सुरू होते. दुपारी गाडीचे दिवे लावावे लागतात इतकी दाट. आणि एकदम समुद्र येतो. नदीच्या मुखाशी जो किनारा आहे, तिथे वाळू कमी आणि लाकूड जास्त. पांढरे-करडे ओंडके एकमेकांवर पडलेले, पोरांनी त्या ओंडक्यांच्याच बांधलेल्या झोपड्या, एक-दोन ओंडके तर एस.टी.च्या निम्म्या लांबीचे.

एका ओंडक्यापाशी बाबा बराच वेळ उकिडवे बसले होते. त्याचं एक टोक नदीतल्या दगडगोट्यांवर आपटून गोल झालेलं, दुसरं मात्र सपाट, म्हणजे करवतीने कापलेलं. कापल्या बाजूला गंजलेला खिळा. पोटाकडे बोटभर रुंद भोकं, आतून पांढऱ्या चुनखडीचा लेप दिल्यासारखी. समुद्रात लाकूड पोखरणारा किडा मागे आपल्या बिळाचं असं अस्तर सोडून जातो. बाबांनी हे ओळखलं, कारण जयगडच्या होड्यांच्या तळाला त्यांनी ते पाहिलंय. वरचा करडा थर चाकूने खरवडला तर खाली दोरीच्या जाडीइतक्या खोलीवर लाकूड अजून विटकरी लाल!

हे लाकूड समुद्रात आलं कुठून, याचं उत्तर पुढच्या गावात मिळतं. मेंडोसिनो गाव वसलं ते एका अफूच्या जहाजामुळे, आणि ती अफू मुंबईहून जायची. ‘फ्रॉलिक’ हे जहाज १८४४ साली बाल्टिमोरला बांधलं गेलं, मुंबईतून चीनला अफू नेण्यासाठी. मालव्याची अफू भरून ते आपल्या बंदरातून निघायचं. पुढे आगबोटी आल्या, या धंद्यात शिडाची जहाजं मागे पडली आणि कॅलिफोर्नियात सोनं सापडलं. मालकांनी ‘फ्रॉलिक’मध्ये चिनी मातीची भांडी, रेशीम, बिअरच्या बाटल्या असा माल भरून त्याला सॅन फ्रान्सिस्कोकडे धाडलं. २५ जुलै १८५०च्या रात्री ते पॉइंट कॅब्रिलोजवळच्या खडकावर आपटलं. हाती लागेल तो माल तिथल्या पोमो आदिवासींनी नेला. पुढे पुरातत्त्वज्ञांना त्यांच्या वस्तीत चिनी भांड्यांच्या तुकड्यांचे मणी आणि बाटलीच्या काचेची बाणाग्रं सापडली. हेन्री मेग्ज नावाच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या लाकूड-व्यापाऱ्याने बुडित माल उचलायला जेरोम फोर्ड नावाचा माणूस पाठवला. फोर्डला माल काही मिळाला नाही, पण त्याने झाडं पाहिली. १८५२मध्ये बिग रिव्हरच्या मुखाशी गिरणी उभी राहिली. मेग्ज दोन वर्षांतच कर्ज बुडवून दक्षिण अमेरिकेत पळाला आणि पेरूत रेल्वेचा मोठा कंत्राटदार झाला. मुंबईचं नाव इथे वाचलं तेव्हा बाबा नुसतं “च्यायला” म्हणाले.

लाकूड नदीतून खाली आणायची पद्धत सरळ होती, आणि निर्दय. खोऱ्यात लाकडी बांध घालायचे, त्यामागे पाणी आणि ओंडके साठवायचे, पावसाळ्यात बांध उघडून सगळं एकदम सोडायचं. काही ओंडके गाळात रुतून बसायचे, काही मुखातून थेट समुद्रात जायचे. गिरणी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच बंद पडली. तळाशी रुतलेले ओंडके अजूनही निघतात, खनिजांनी काळपट-चॉकलेटी झालेले. फर्निचरवाल्यांना ते फार आवडतात.

जंगलात राहिले बुडखे. झाडाचा बुंधा तळाशी फार रुंद, तिथे लाकूड वेडंवाकडं. म्हणून तोडणारे जमिनीपासून सहा-आठ फूट वर बुंध्यात खाचा पाडून त्यात फळ्या अडकवायचे आणि त्यावर उभे राहून करवत चालवायचे. शंभर-सव्वाशे वर्षं झाली तरी ते बुडखे कुजलेले नाहीत आणि खाचाही जागच्या जागी आहेत, जोडीने, डोळ्यांसारख्या. जुन्या रेडवूड जंगलापैकी आज पाचेक टक्केच शिल्लक आहे. रेडवूडचं राष्ट्रीय उद्यान झालं तेही १९६८ साली, म्हणजे बहुतेक सगळं तोडून झाल्यावर.

फोर्ट ब्रॅगच्या पुढे हायवे नंबर एक समुद्र सोडून डोंगरात शिरतो आणि लेगेटला १०१ला मिळतो. त्या वळणांनी माझं पोट ढवळलं. त्यापुढे रस्त्याकडेला लाकूडकामाची दुकानं लागतात, काही स्वतःला गॅलरी म्हणवतात. आम्ही थांबलो त्या गॅलरीच्या मागे मोठं आवार होतं. लाकडाच्या रुंद लाद्या एकावर एक, मध्ये पट्ट्या घालून हवेशीर रचलेल्या, टोकांना मेण लावलेलं, वर पत्रा. बाबांना थेट आपली वखार भेटली.

मालकीणबाई साठीच्या. धंदा त्यांच्या वडिलांचा. वडील आधी तोडीवर कामाला होते. १९६४च्या डिसेंबरात ईल नदीला महापूर आला, गावंच्या गावं वाहून गेली आणि नंतर किनाऱ्यावर मैलोन् मैल लाकूड पडलं. ते त्यांनी जुन्या ट्रकने ओढून आणायला सुरुवात केली. पहिली दोन वर्षं एक खुर्ची धड झाली नाही. समुद्री लाकडात वाळू अडकलेली असते, ती करवतीचे दात खाते. मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि लोखंडी स्क्रू गंजवतं. म्हणून आधी गोड्या पाण्याने धुवायचं, मग वर्षानुवर्षं वाळवायचं, कापण्याआधी खिळे शोधायला धातुशोधक फिरवायचा. जोड शक्यतो लाकडाच्याच खुंट्यांचे.

सत्तरच्या दशकात प्लॅस्टिकच्या राळेची लाट आली. गाठीची लादी कापायची, त्यावर काचेसारखा जाड एपॉक्सी ओतायचा, मध्ये घड्याळाचे काटे. त्या घड्याळांवर वडिलांनी घर बांधलं, असं बाई हसत म्हणाल्या. दोन घड्याळं अजून भिंतीवर आहेत, एक बंद. मला ती बिलकूल आवडली नाहीत. ज्या लाकडाला हात लावायचा त्याला पिंजऱ्यात घालून काय उपयोग? बाई स्वतः आता फक्त तेल पाजतात.

गाठीबद्दल त्यांनी एक गोष्ट स्पष्ट सांगितली. झाडाच्या पायथ्याची गाठ म्हणजे झोपलेल्या कोंबांचा साठा. झाड पडलं, जळलं की त्यातून नवे धुमारे फुटतात. जिवंत झाडाची गाठ कापणं म्हणजे त्याची पुढची पिढी कापणं. चोर रात्री उद्यानात शिरून साखळी करवतीने त्या कापून नेत, इतक्या की २०१४मध्ये उद्यानातला एक निसर्गरम्य रस्ता रात्रीचा बंद करावा लागला. “लाकूड कुठल्या जमिनीतून आलं त्याचा कागद दाखवा म्हणा, नाही दाखवला तर निघा,” असा त्यांचा सल्ला. स्वतःचे कागद त्यांनी न मागता काढून दाखवले.

याच किनाऱ्यावर अगदी उलट प्रकृतीची एक शाळाही आहे, हे जाता जाता सांगते. फोर्ट ब्रॅगमध्ये जेम्स क्रेनॉव्हने १९८१ साली लाकूडकामाचा अभ्यासक्रम सुरू केला. तिथे विद्यार्थी आधी स्वतःचा लाकडी रंधा बनवतात आणि मग केसाच्या जाडीचं बघत कपाटं करतात. ब्लंकच्या करवतीशेजारी हे ठेवून बघावं. बाबांचं मत विचाराल तर रंधावाले जास्त शिकलेले, करवतवाला जास्त धीट.

आम्ही एक तीन पायांचं स्टूल घेतलं. वरची फळी बुडख्याच्या लाकडाची, कडेला जुन्या खाचेचा अर्धा भाग तसाच ठेवलेला. पाय समुद्राने आणलेल्या लाकडाचे. बाबांनी घासाघीस करायचा प्रयत्न केला, मराठी मिसळलेल्या इंग्रजीत. बाईंनी एक पैसा सोडला नाही, पण खुंट्या कशा ठोकल्या ते दाखवायला त्यांना आत कारखान्यात घेऊन गेल्या. तासाभराने मी बोलवायला गेले तेव्हा बाबांच्या हातात पटाशी होती.