शुगरची गोळी आणि काकूंची वही

साताऱ्यात आमच्या ग्राहक संस्थेत मी दर मंगळवारी बसते, तक्रारी बहुतेक फ्रिजच्या, बिल्डरच्या. त्या दिवशी एक रिटायर्ड बाई आल्या, हातात दोनशे पानी वही, आणि टेकायच्या आधीच म्हणाल्या, "अगं, त्याला माझी शुगरची गोळीसुद्धा माहीत होती."

काकू ऑनलाइन औषधं मागवायच्या. फोन आला, समोरच्याने ऑर्डर नंबर, गोळीचं नाव, फ्लॅट नंबर सगळं बरोबर सांगितलं, रिफंड द्यायचाय म्हणाला, काकूंनी ओटीपी दिला. ३८,००० गेले. लगेच बँकेला फोन करून कार्ड बंद करा म्हटलं तरी वीस मिनिटांनी अजून ९,५०० गेले, मग १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला तक्रार. बँक म्हणते ओटीपी तुम्ही दिलात, चूक तुमची. मला याचा फार राग येतो, समोरचा तुमची गोळी सांगतोय म्हटल्यावर कोणाचाही विश्वास बसेल!

वहीत सगळं होतं, तारीख, वेळ, त्याचा नंबर, बँकेचा तक्रार क्रमांक. मी विचारलं कंपनीचा काही मेल आला होता का. त्यांना आठवेना, भाचीने शोधला तर ट्रॅशमध्ये सापडला, काही ग्राहकांची माहिती बाहेर गेल्याचं कंपनीनेच लिहिलेलं. तीस दिवसांनी ट्रॅश आपोआप रिकामा होतो, म्हणून आधी प्रिंट काढली.

काकूंनी विचारलं, "अडीचशे कोटी दंड असतो ना, त्यातलं मला काय?" काहीच नाही हे सांगताना मला खरंच वाईट वाटलं. माहिती नीट न सांभाळणाऱ्या कंपनीला २०२३ च्या डेटा कायद्यात होणारा तो दंड सरकारी तिजोरीत जातो, ग्राहकाला भरपाई द्यायची तरतूदच त्यात नाही, उलट आयटी (माहिती तंत्रज्ञान) कायद्याचं भरपाईचं ४३-अ कलम काढून टाकायचं त्यात लिहिलंय, ती तरतूद लागू होईपर्यंतच भरपाईची ही वाट उघडी. आणि ४३-अ मध्ये नुसता फोन नंबर, पत्ता चालत नाही, संवेदनशील माहिती लागते, तिच्यात तब्येतीची माहिती येते, म्हणजे काकूंची ती गोळीच कामाची! पण तो अर्ज राज्याच्या आयटी सचिवांकडे, मुंबईला, आणि काकूंचे गुडघे गेलेले.

मग जिल्हा ग्राहक आयोग ठरवला. कंपनी बंगळुरूची असली तरी ग्राहक राहतो तिथे केस करता येते, दोन वर्षांची मुदत, आणि पाच लाखांच्या आतल्या खरेदीला फी नाही. विश्वासाने दिलेली माहिती दुसऱ्याला देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापार प्रथा आहे, पण कंपनी म्हणणार आम्ही दिली नाही, चोरीला गेली, म्हणून कंपनीच्या नोटिशीत सेवेतली त्रुटीही जोडली.

बँकेला वेगळी नोटीस. कळवल्यानंतर गेलेले पैसे बँकेच्या माथी, हा रिझर्व्ह बँकेचा नियम, ६ जुलै २०१७ च्या सर्क्युलरमधून आलेला, म्हणून ते ९,५०० मी सोडणार नव्हते. दोन्ही नोटिसा संध्याकाळी रजिस्टर केल्या, काकूंनी पोस्टातच उभं राहून पावत्यांचे नंबर वहीत उतरवून घेतले.